ओळखीच्या गावातला कॅमेरा

पहाटे साडेपाच

वाईचा दिवस कृष्णेवर उजाडतो. साडेपाचला गणपती आळीच्या घाटावर अंधारच असतो. पाण्यावरचं धुकं हललेलं तेवढं कळतं आणि ओल्या पायऱ्या उतरणाऱ्या चपलांचा आवाज येतो. फेब्रुवारीच्या अखेरीस इथे सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, तरी मी एवढ्या लवकर येऊन बसतो. उजाडल्यावर कॅमेरा घेऊन पोचलं की घाटावरच्या सगळ्या माना वळतात. अंधारात येऊन पायरीवर बसलेल्या माणसाकडे मात्र उजेड झाल्यावरही कुणाचं लक्ष जात नाही.

खांद्याला एकच कॅमेरा, त्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स. झूम लेन्स लग्नाच्या ऑर्डरींसाठी स्टुडिओतल्या कपाटात असते, ती मी रस्त्यावर आणत नाही. लांबून, आडोशाने माणूस टिपायचा नाही, एवढा नेम पाळतो. समोरच्याला मी सहज दिसेन इतक्याच अंतरावर उभा राहतो. त्याने मला पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागला, की मग फोटो.

रस्त्यावरच्या छायाचित्रणातली जी मोठी नावं आपण ऐकतो, ती बहुतेक महानगरांत वावरली. आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवायचा, गर्दीत तो कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. व्हिव्हियन मायर शिकागोत लोकांची मुलं सांभाळायची आणि आयुष्यभर रस्त्यावर फोटो काढायची. ते जगाला कळलं २००७ नंतर, तिचं भाडं थकलेलं सामान लिलावात निघालं तेव्हा. महानगरात अनोळखी असणं हीच फोटोग्राफरची मोकळीक. तालुक्याच्या गावात ती मिळत नाही. मी कुणाचा मुलगा, दुकान कुठे, सासुरवाडी कुठली, हे इथल्या पायरीपायरीला ठाऊक. काळ्या पट्टीचा इथे काही उपयोग नाही. इथला कँडिड फोटो ओळखीतूनच यावा लागतो, आणि ती ओळख रोज उठून कमवावी लागते.

सकाळी सात

घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, म्हणजे पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं की लोंढा तिथे दुभंगावा. पर्यटकांच्या फोटोत हे देऊळ मधोमध असतं आणि माणसं कडेला, मुंगीएवढी. माझ्या फोटोत देऊळ मागे राहतं. ज्यांच्यासाठी घाट बांधला, ती माणसं पुढे येतात.

दोघी जावा नऊवारी धुताहेत. धुणं आपटून झालं, आता पिळायचं. एकीने एक टोक धरलं, दुसरीने दुसरं, आणि दोघी उलट दिशांना पीळ देऊ लागल्या. लुगड्याचा दोरखंड होत गेला, पाण्याची धार पायरीवर पडली. मला ठाऊक आहे, पिळून झालं की त्या लुगडं सोडवतील, चार पावलं मागे सरतील आणि एकदम झटकतील. फोटो त्या झटक्याचा आहे. मी दोन पायऱ्या खाली उतरतो, म्हणजे लुगड्यामागे नुसतं उजळ धुकं राहील आणि पलीकडची मोटारसायकल चौकटीबाहेर जाईल. शटर १/५०० वर ठेवतो. झटका बसतो. सूर्य नुकताच वर आलेला असतो, त्यामुळे उडालेला थेंब न् थेंब उजेडात चमकतो आणि मधे जांभळं लुगडं शिडासारखं फुगतं. थोरली जाऊ हसत म्हणते, ‘‘काय वो फोटोवाले, आमच्या धुण्यात काय बघता?’’ मी स्क्रीन दाखवतो. त्या दोघी फोटोऐवजी लुगडंच बघतात. ‘‘रंग अजून जरासुदिक उतरला न्हाई,’’ धाकटी म्हणते.

घाटावर काय काढायचं नाही, हेही ठरलेलं आहे. बायका अंघोळ करतात तिकडे कॅमेऱ्याचं तोंडच करायचं नाही. दशक्रिया चालली असेल तर कॅमेरा पिशवीत. कुणी हात हलवून नको म्हटलं, तर त्याच्यासमोर फोटो पुसायचा. या बाबतीत कायदा काय म्हणतो, यापेक्षा संध्याकाळी त्याच माणसाच्या दुकानात साखर आणायला जायचं आहे, हे मला जास्त बांधून ठेवतं.

सकाळी साडेआठ

किसन वीर चौकातून एसटी स्टँडवर. या वेळी स्टँडवर तीन प्रकारची माणसं असतात: शाळा-कॉलेजची मुलं, पाचगणी-साताऱ्याला कामावर जाणारे, आणि खेडोपाडी परतणारी म्हातारी मंडळी. बस फलाटाला लागली की खिडकीतून आधी रुमाल जातो, मग दप्तर, मग माणूस. मी फलाटाच्या खांबाला टेकून फोकस तीन मीटरवर लावून ठेवतो. छिद्र एफ/८. या लेन्सला एवढं केलं की साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं स्वच्छ येतं आणि ऐनवेळी फोकस करत बसावं लागत नाही. फोटोचा क्षण कधी येईल ते सांगता येत नाही. अंतर तेवढं आधी ठरवून ठेवता येतं.

आज कंडक्टरने एका आजीची पाटी वर घेतली, तिने वर चढायला हात दिला, आणि त्या धांदलीतही पाटीतल्या डहाळ्याचे दोन घाटे तोडून त्याच्या खिशात टाकली. हरभरा हिरवागार होता, खिसा खाकी होता, आणि हात सुरकुतलेला. एवढंच त्या चौकटीत आहे.

टपरीवरच्या चहाला मंडळी जमतात आणि गप्पा शूटिंगवर येतात. वाईला कॅमेरा नवा नाही. ‘गंगाजल’मध्ये या गावाने बिहार उभा केला, ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश. ‘स्वदेस’साठी शेजारच्या मेणवलीचा घाट उत्तरेतलं चरणपूर झाला. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा तो घाट, तिथली १७०७ सालची पोर्तुगीज घंटा, हे सगळं दुसऱ्याच मुलखाच्या नावाने पडद्यावर गेलं. टपरीवरचे काहीजण गर्दीत उभे राहिले होते, ते अभिमानाने सांगतात. आमच्या गावाला दुसऱ्या गावाची भूमिका छान करता येते. पण वाई स्वतः वाई म्हणून कशी दिसते, तिचा मंगळवार कसा असतो आणि बाजाराचा दिवस कसा, हे टिपायला मुंबईहून युनिट येणार नाही. ते काम गावातल्याच कुणीतरी करायचं आहे.

सकाळी दहा

शटर वर करतो, देवाला उदबत्ती लावतो, पडद्यासमोरचं स्टूल पुसतो. पोट या कामावर चालतं: पासपोर्ट साइज, शाळेचं ओळखपत्र, स्थळासाठीचा फोटो, लॅमिनेशन, फ्रेम. लग्नसराईत मोठ्या ऑर्डरी, त्यात हल्ली कँडिडचं वेगळं पॅकेज असतं.

स्टुलावर बसलं की गावातला प्रत्येक माणूस एकसारखा होतो. मान ताठ, खांदे वर, ओठ मिटलेले, डोळे मोठे. बाजारात हाका मारून गिऱ्हाईक ओढणारा भाजीवालाही इथे गप्प होतो. यात त्याचा दोष नाही. सरकारी कागदाला जसा चेहरा लागतो, तसाच तो देतो. ही माणसं एरवी कशी उभी राहतात, कशी हसतात, हात कुठे ठेवतात, ते मी सकाळी पाहिलेलं असतं. रोज स्टुलावरचे हे चेहरे काढतो, म्हणूनच रस्त्यावरच्या चेहऱ्यांची किंमत मला कळते.

सकाळी साडेअकरा

एक मुलगा येतो, डोकं नुकतंच भादरलेलं. बरोबर बहीण आणि आई. कागदात गुंडाळलेला पासपोर्ट फोटो टेबलावर ठेवतो. ‘‘दादा, मोठा करून पायजे. हाराचा. पण यात आबा आबांसारखं दिसत न्हाईत.’’

आबांना मी ओळखत होतो. धर्मपुरीकडे जाताना पारावर बसलेले दिसायचे. हार्ड डिस्कवर आळीच्या नावाने फोल्डर आहेत. जरा शोधल्यावर सापडतात: पारावर, एक पाय वर घेऊन, मांडीवर चंची उघडी, डाव्या तळहातावर तंबाखू, उजव्या अंगठ्याने ती मळताहेत आणि शेजारच्याच्या कुठल्याशा बोलण्यावर सगळे दात दाखवून हसताहेत. तिघंही पुढे वाकतात. पहिल्यांदा आई बोलते, ‘‘हे बघ. हे.’’

मग बहीण हळूच विचारते, चंची काढता येईल का, देवाजवळ लावायचा फोटो, बरं दिसणार नाही. काढता येते. पाच मिनिटांचं काम आहे. मी आईकडे बघतो. ती म्हणते, ‘‘चंची ऱ्हाऊ दे. तिच्याबिगर त्यास्नी कुणी वळखायचं न्हाई.’’

बारा बाय अठराचा प्रिंट, लाकडी फ्रेम. फ्रेमचे पैसे घेतले, प्रिंटचे घेतले नाहीत. पारावर काढलेल्या त्या फोटोवर आबांचा हक्क माझ्याइतकाच होता. गावातल्या फोटोग्राफरला हे रोज समजून घ्यावं लागतं. मोठ्या शहरात फोटोतला माणूस गर्दीत निघून जातो आणि फोटो फोटोग्राफरचा राहतो. इथे माणूस जात नाही. त्याची मुलं, नातवंडं फोटो मागायला येतात, आणि देताना मागे कुठलीही लाजिरवाणी गोष्ट असता कामा नये.

दुपारी एक

आज आठवडे बाजार. मदतीच्या पोरावर दुकान सोपवून निघतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की भर दुपारी फोटो काढू नयेत, ऊन कडक असतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. पण बाजार दुपारीच भरतो, तर फोटोग्राफरने दुपारी काम करायला शिकावं. विक्रेत्यांनी निळी-पिवळी ताडपत्री बांधलेली असते. तिच्याखालचा उजेड मऊ होऊन खालून, जमिनीवरून परततो. पिवळ्या ताडपत्रीखाली बसलेली माणसं सोनेरी दिसतात, निळ्या ताडपत्रीखालची आजारी. त्यामुळे मी पिवळीच्या बाजूने फिरतो.

घेवडा, हरभऱ्याचे डहाळे, ओली हळद, पाचगणीकडून उतरलेल्या स्ट्रॉबेरीच्या पाट्या, कडेला रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. एका कोपऱ्यात तयार चष्मे विकणारा पोतं अंथरून बसलाय. लोक चष्मा घालतात, आरशात स्वतःला बघतात, वर्तमानपत्राचा कपटा वाचून बघतात आणि भाव करतात.

एक आजी तिथे उकिडवी बसली आहे. तिला आरसा नको, वर्तमानपत्र नको. कमरेच्या पिशवीतून तिने कागदाची पुडी काढली. पुडीत सुई आणि पांढरा दोरा. घरून आणलेला. पहिला चष्मा घातला, दोरा ओठांत ओला केला, सुई उजेडाकडे धरली. नाही गेला. दुसरा चष्मा. नाही. विक्रेता तिसरा देतो, तो कान सोडून नाकाच्या शेंड्यावर येतो, तिसऱ्यातही नाही. तोवर तिच्याभोवती चार बायका जमल्या आहेत, सगळ्यांच्या नजरा सुईच्या नेढ्यावर.

मी समोर, तीन मीटरवर, गुडघ्यावर बसलोय. डाव्या कडेला लाल प्लास्टिकचं घमेलं चौकटीत घुसतंय, म्हणून अर्धा हात उजवीकडे सरकतो. आता मागे नुसती पिवळी ताडपत्री, मधे पाच चेहरे आणि त्यांच्या मधोमध दोन बोटांत धरलेली सुई. चौथा चष्मा. ती श्वास रोखते. बायकाही रोखतात. दोरा गेला. ‘‘गेला बघा!’’ आजीचं तोंड उघडलेलं, शेजारणीचा हात तिच्या खांद्यावर आपटलेला, विक्रेता तिच्याइतकाच खूश. शटर त्यावर पडलं.

मग आजी मला बघते. ‘‘दातं न्हाईत माझी, फोटू कशाला काढलास?’’ मी तिला स्क्रीन दाखवतो. नवा चष्मा लावून ती बराच वेळ बघते आणि विचारते, ‘‘म्होरल्या बाजारी आणशील नव्हं?’’ आणणार. नाव विचारतो, गाव विचारतो, वहीत लिहून घेतो.

दुपारी तीन

जेवण करून संगणकासमोर. पडद्यावर फोटो ओळीने लावतो आणि पुसायला लागतो. कौशल्य दाखवणारे बरेचसे फोटो इथेच जातात: सावल्यांचे खेळ, पाठमोरी माणसं, नुसते पाय. एक प्रश्न विचारतो. हा फोटो त्या माणसाच्या घरच्यांना दाखवला तर ते त्याला ओळखतील का, त्यांना तो आपला वाटेल का? सुईवाली आजी राहते. लुगड्याचा झटका राहतो. हरभऱ्याचे घाटे राहतात.

रंग ठेवायचा की काळा-पांढरा करायचा, हा निर्णयही याच वेळी. रघुबीर सिंग यांनी साठच्या दशकापासून भारत रंगातच टिपला. कृष्णधवल छायाचित्रणात पाश्चात्त्य मनातला विषाद आहे, भारतीय नजर रंगातच विचार करते, अशी त्यांची मांडणी होती. बाजाराचे फोटो करताना मला ते पटतं. पिवळ्या ताडपत्रीशिवाय तो आनंद उभा राहत नाही.

काळ्या-पांढऱ्याची बाजू घ्यायला माझ्यासमोर मारिओ जाकोमेल्ली असतो. इटलीच्या आड्रियाटिक किनाऱ्यावरचं सेनिगाल्लिया हे त्याचं गाव. तिथे १९२५ मध्ये जन्मला, तिथेच छापखाना चालवून पोट भरलं आणि २००० मध्ये तिथेच गेला. त्याची आई वृद्धाश्रमात कपडे धुवायची, त्यामुळे तिथली म्हातारी माणसं त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीची. पुढे त्याने त्यांचेच फोटो काढले आणि ते जगभर पोचले. स्कान्नो या डोंगरगावात १९५७ मध्ये काढलेला त्याचा फोटो आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे: काळ्या कपड्यांतल्या बायका धूसर, आणि त्यांच्यामधून चालत येणारा एक मुलगा तेवढा स्पष्ट. छोट्या गावात राहून, दुसरा धंदा सांभाळून इतकं काम होऊ शकतं, हे मला त्याच्याकडून कळलं.

रॉबेर द्वानोचा १९५० चा पॅरिसमधल्या चुंबनाचा फोटोही सगळ्यांनी पाहिलेला असतो. रस्त्यावर सहज टिपलेला म्हणून तो गाजला, त्याची पोस्टर घरोघरी लागली. नव्वदच्या दशकात प्रकरण न्यायालयात गेलं आणि त्या जोडप्याला उभं करून फोटो काढला होता हे बाहेर आलं. सुंदर फोटो आहे. पण मी आजीला पुन्हा दोरा ओवायला सांगितला असता, तर तिने तो हसत ओवला असता आणि शेजारणीचा तो हात खांद्यावर पडला नसता. घडलेली गोष्ट पुन्हा घडवता येत नाही, आणि माझा सगळा भरवसा तिच्यावर आहे.

संध्याकाळी साडेपाच

इथे सूर्य पाचगणीच्या डोंगरामागे जातो, त्यामुळे आळ्यांमधून ऊन लवकर निघतं आणि आकाशाचा उजेड मात्र बराच वेळ टिकतो. फोटोला हा उजेड फार चांगला. तरी या वेळी मी आधी मागच्या आठवड्याचे प्रिंट वाटतो. चार बाय सहाचे, पाकिटात, वर नाव.

गिरणीवाल्याने आपला फोटो पीठ बसलेल्या भिंतीवर खिळ्याला टोचला. सलूनमध्ये आरशाच्या कडेला आधीचे दोन आहेत, तिसरा त्यांच्याखाली गेला. रसवंतीवाला स्वतःचा फोटो बघून बायकोला हाक मारतो. या भिंती माझं प्रदर्शन आहेत. गावातली माणसं तिथे दाढी करताना, दळण ठेवताना एकमेकांचे फोटो बघतात, चर्चा करतात, ‘‘यात तात्या बारीक दिसतोय’’ म्हणतात. ज्याचा फोटो लागला, तो दुसऱ्या दिवशी कॅमेरा बघून आवरून बसत नाही. तो आपलं काम करत राहतो. इथला कँडिड फोटो अशा वाटपातून तयार होतो.

गल्लीत पोरं क्रिकेट खेळताहेत. लहान मुलांचे फोटो काढले तर घरी सांगून येतो. ओट्यावर बसलेल्या काकू म्हणतात, ‘‘काढ की. पण प्रिंट दे, मोबाइलमधले सगळे गेले माझे.’’ हे वाक्य गावात वरचेवर ऐकू येतं. मोबाइलवर आपण सगळेच भरपूर फोटो काढतो आणि मोबाइल बदलला की ते जातात. खिळ्याला टोचलेला फोटो राहतो.

रात्री साडेनऊ

शेवटचं काम नोंदीचं. प्रत्येक ठेवलेल्या फोटोखाली तारीख, आळी, काय चाललं होतं आणि माणसाने सांगू दिलं असेल तर नाव. मग दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत.

याच गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. अख्ख्या जगाचं ज्ञान नोंद लिहून, तपासून, पुन्हा लिहून जमवलं गेलं. त्या शिस्तीचा मला रोज आधार वाटतो. फोटोखाली नोंद नसेल, तर वीस वर्षांनी सुईवाली आजी नुसती ‘एक ग्रामीण वृद्धा’ होईल. नोंद असेल, तर ती अमक्या गावची, अमक्या बाजारी, चौथ्या चष्म्यात दोरा ओवणारी राहील.

गाव बदलतंय. बाजारात काट्याच्या तराजूंच्या जागी इलेक्ट्रॉनिक काटे आले, घाटावर लुगडी पिळणाऱ्या बायका कमी झाल्या, कल्हईवाला क्वचित दिसतो. त्याबद्दल मला तक्रार नाही. वॉशिंग मशीनमुळे कुणाची कंबर वाचत असेल तर चांगलंच आहे. बदलण्याआधी गाव कसं होतं आणि बदलताना कसं दिसलं, ते कुठेतरी लागलेलं असावं एवढंच. महाराष्ट्रात तालुक्याच्या बहुतेक गावांत फोटो स्टुडिओ आहे. कॅमेरा आहे, हात बसलेला आहे, आणि मुख्य म्हणजे तिथल्या माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. बाहेरून आलेल्या कितीही मोठ्या फोटोग्राफरला ही ओळख विकत मिळत नाही. माझ्या व्यवसायबंधूंनी आठवड्यातली एक सकाळ आपल्या गावाला द्यावी, प्रिंट काढून ज्याचे त्याला पोचवावेत आणि मागे तारीख घालावी. आपल्या गावाचा खरा चेहरा काढायचा हक्क आपला आहे, आणि तो आपणच वापरायला हवा.